मुठीतले माप

अमेरिकेत हार्टफर्ड येथे सॅम्युएल कोल्टचा मोठा कारखाना १८५५ साली उभा राहिला. यंत्रावरचे सुटे भाग कोणत्याही हत्याराला बसावेत, ही त्याची कीर्ती. पण त्याच्या १८५१ च्या नमुन्याच्या नेव्ही रिव्हॉल्व्हरची अक्रोडी मूठ फुटली, तर जुळ्या रिव्हॉल्व्हरची मूठ तिथे नेमकी बसेलच असे नाही. का? लाकूड आणि पितळी पट्टी कामगाराने एकत्र जोडून घासलेली असे. जोडी चुकू नये म्हणून मुठीच्या आत क्रमांक शाईने लिहीत. म्हणून आजही नवी मूठ किंचित मोठी घेऊन कानशीने उतरवावी लागते. नळीवर नाव कोल्टचे. मुठीत माप मात्र अनामिक कामगाराच्या हाताचे. कारखान्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मूठही उघडून पाहावी.