विद्यार्थीगृहाचे अंगण आणि समाजाची जाग

विद्यादानासाठी दिलेली जमीन ही विश्वस्तांच्या हाती सोपविलेली अनामत असते. व्यापारी पेढीवर अनामत रकमेचे खाते वेगळे मांडतात. ती रक्कम नफ्यात धरली जात नाही आणि अडचणीच्या दिवसांत भांडवल म्हणून वापरलीही जात नाही. ज्याची त्याला परत करावयाची, एवढाच पेढीचा अधिकार. पुणे येथील मॉडेल कॉलनीतील जैन विद्यार्थीगृहाच्या जमिनीवरून २०२५ साली जो लढा झाला, त्याने महाराष्ट्रातील जैन समाजाला या जुन्या नियमाची आठवण करून दिली. त्या लढ्याचा इतिहास प्रत्येक संस्थेने नोंदवून ठेवावा असा आहे.

या इतिहासाचा आरंभ मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी होतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर महाराष्ट्रात उच्च शिक्षणाची सोय मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा मोजक्याच शहरांत होती. खेड्यातील हुशार मुलाला शहरात राहायला जागा नाही आणि खाणावळीचे पैसे नाहीत, म्हणून त्याचे शिक्षण खुंटत असे. ही अडचण ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी त्याच सुमारास जैन बोर्डिंगांच्या स्थापनेस चालना दिली. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. पुढे त्यांनीच १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता येईल असे वसतिगृह सुरू केले. एका वसतिगृहातून दुसरे वसतिगृह कसे जन्मास येते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मराठवाड्यासाठी तर वसतिगृहाचे मोल आणखी मोठे होते. धाराशिव जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले, पण तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ सुरू व्हायला १९५८ साल उजाडावे लागले, आणि धाराशिव येथे त्या विद्यापीठाचे उपकेंद्र येण्यास २००४ साल. अशा परिस्थितीत सोलापूरची आणि तेथून पुण्याची वाट धरणाऱ्या मुलाला बोर्डिंगमधील एक खाट आणि दोन वेळचे जेवण मिळाले, तर त्याच्या घराण्याचा इतिहास बदलत असे.

योगायोग असा की, मराठवाडा विद्यापीठाच्या स्थापनेच्याच वर्षी, म्हणजे १९५८ साली, पुण्यात शेठ हिराचंद नेमचंद यांच्या स्मरणार्थ स्मारक ट्रस्ट व दिगंबर जैन बोर्डिंग यांची स्थापना झाली. हिराचंद नेमचंद दोशी हे सोलापूरच्या व्यापारी घराण्यातील. ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू करून त्यांनी एकोणिसाव्या शतकातच समाजसुधारणेच्या कार्याचा पाया घातला. जहाजबांधणी व विमाननिर्मिती या क्षेत्रांत भारतीय उद्योगाची मुहूर्तमेढ रोवणारे शेठ वालचंद हिराचंद हे त्यांचे सुपुत्र. मॉडेल कॉलनीत सुमारे साडेतीन एकर जागेवर हे विद्यार्थीगृह उभे राहिले. त्याच्या आवारात भगवान महावीरांचे मंदिरही आहे. येथे राहून शिकलेले विद्यार्थी पुढे देशभर पसरले.

काळ पुढे गेला, शहर वाढले आणि त्या साडेतीन एकरांचा भाव गगनाला भिडला. संबंधित ट्रस्टने ही मालमत्ता एका बांधकाम संस्थेस विकण्याचा निर्णय घेतला. धर्मादाय आयुक्तांनी एप्रिल २०२५ मध्ये त्यास परवानगी दिली आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात खरेदीखताची नोंदणी झाली. वृत्तपत्रांतून हा व्यवहार ३११ कोटी रुपयांचा म्हणून गाजला. मोक्याच्या ठिकाणची एवढी जमीन बांधकाम व्यवसायाच्या हाती गेल्यावर तेथे कसल्या इमारती उभ्या राहतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

वार्ता पसरताच माजी विद्यार्थी एकत्र आले. जैन समाजातील निरनिराळे पंथ, एरवी आपापल्या चौकटीत वावरणारे, या प्रश्नावर एका व्यासपीठावर आले. पुण्यात मोर्चा निघाला. आचार्य गुप्तिनंदी महाराज यांनी उपोषणाचा इशारा दिला. राजकीय आरोप-प्रत्यारोपही झाले, परंतु समाजाने आपली मागणी एकाच मुद्द्याशी बांधून ठेवली : विद्यार्थ्यांसाठी दिलेली जागा विद्यार्थ्यांसाठीच राहावी. ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबर रोजी, धर्मादाय आयुक्तांनी ‘जैसे थे’ स्थिती ठेवण्याचा आदेश दिला. त्यानंतर बांधकाम संस्थेने व्यवहारातून माघार घेत असल्याचे कळविले आणि ३० ऑक्टोबर रोजी आधी दिलेली परवानगी रद्द झाली. नोंदणी झालेल्या व्यवहाराचे चाक अवघ्या तीन आठवड्यांत उलटे फिरले.

हे शक्य झाले ते भावनेच्या बळावर तसेच कायद्याच्या आधारावर. १९५० सालचा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्याचे कलम ३६ प्रत्येक विश्वस्ताने पाठ करावे असे आहे. न्यासाच्या स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा दान धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून वैध ठरत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यावयाची असेल, तरीही हीच अट लागू होते. परवानगी फसवणुकीने किंवा महत्त्वाची माहिती दडवून मिळविली असल्यास ती मागे घेण्याचा अधिकारही याच कलमात आहे. न्यासात हितसंबंध असलेल्या व्यक्तीला दाद मागण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. दाता हयात नसतो, लाभार्थी विद्यार्थी अजाण असतो. त्या दोघांच्या वतीने बोलणारा तिसरा कोणी असावा, हीच या तरतुदीमागील दृष्टी होय.

मोकळ्या जागेसाठी रहिवाशांनी उभे राहावे, ही परंपरा पुण्यापुरती नाही. बंगळुरू येथे उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी वैद्यकीय न्यासाला देण्यात आली, तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि सार्वजनिक मोकळ्या जागेच्या रक्षणासाठी नागरिकांना दाद मागता येते, हे स्पष्ट केले. त्याच वर्षी मुंबईतील ‘प्रतिभा’ या उत्तुंग इमारतीचे नियमबाह्य ठरलेले वरचे आठ मजले पाडण्याचा महापालिकेचा आदेशही सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. मजले चढले म्हणजे ते कायमचे झाले, ही समजूत तेथे मोडीत निघाली.

शाळेच्या वा विद्यार्थीगृहाच्या कुंपणाला लागून उंच इमारत आली तर नेमके काय बिघडते, असा प्रश्न काही जण प्रामाणिकपणे विचारतात. त्याचे उत्तर साध्या हिशेबात मिळते. धाराशिव शहर सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस येथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशच वर असतो. म्हणजे ४५ मीटर उंचीच्या इमारतीची सावली त्या वेळी उत्तरेकडे सुमारे ४० मीटर पडते, आणि सकाळी शाळा भरते तेव्हा ती कितीतरी अधिक लांब असते. थंडीत मुलांना मैदानावर ऊन मिळणार नाही. त्यात बांधकामाची धूळ, यंत्रांचा आवाज, अरुंद रस्त्यावरील मालमोटारी आणि पुढे रहिवाशांची वाहने यांची भर पडते. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला खेळाचे मैदान आवश्यक ठरविले आहे. मैदान कागदावर राहिले आणि त्यावरचे आकाश गेले, तर मुलांच्या वाट्याला काय उरते?

न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. साठ-सत्तर वर्षांच्या इमारती जीर्ण होतात. जुन्या देणग्यांचे व्याज आजच्या खर्चाला पुरत नाही. विद्यार्थी घटतात, विश्वस्त वृद्ध होतात आणि गळणारे छत त्यांना रोज दिसत असते. संकट आले की धावून येणारा समाज एरवी वर्षानुवर्षे संस्थेची पायरी चढत नाही, ही विश्वस्तांची तक्रारही निराधार नव्हे. दुरुस्तीसाठी मागितलेली वर्गणी वेळेवर मिळाली, तर जमीन विकण्याचा विचार मुळात कमी वेळा उद्भवेल. विरोध करणे हा समाजाचा हक्क आहेच, पण संस्थेचा संभाळ हे त्याच हक्काचे मोल आहे आणि ते आगाऊ भरावे लागते.

धाराशिवसारख्या जिल्ह्यातही गावे वाढत आहेत. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मुंबईसारखे काही अपवाद सोडता राज्यातील बहुतेक शहरांना लागू आहे, आणि पुण्यात आज घडते ते उद्या तालुक्याच्या गावीही घडू शकते. म्हणून प्रत्येक संस्थेने आपल्या मालमत्तेचा नोंदणी उतारा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मूळ दानपत्र एकत्र जपून ठेवावे. विश्वस्त बदलले की बदल अर्ज वेळेत दाखल करावा. नगरपालिकेची विकास योजना हरकतींसाठी प्रसिद्ध होते, तेव्हा ती ठरलेल्या मुदतीत पाहावी. हिशेब सभेपुढे मांडावा आणि मोठा निर्णय घेण्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांना बोलवावे.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या मागे असे कित्येक अनामिक दाते उभे असतात. त्यांनी दिलेले अंगण पुढच्या पिढीच्या हाती आहे तसे सोपविता आले, तर सुवर्णमहोत्सवाचा जमाखर्च बरोबर जुळला असे म्हणता येईल.