जुने स्पीकर, नवे स्पीकर : कानांचा कौल आणि यंत्रांचे मोजमाप

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जपून ठेवलेली तीस-चाळीस वर्षांपूर्वीची स्पीकरची जोडी सरस, की दुकानात बेताच्या किमतीत मिळणारी आजची छोटी जोडी, हा प्रश्न संगीतप्रेमी घरांत हमखास वादाचा ठरतो. जुन्या लाकडी खोक्यांशी घरातल्या मोठ्यांच्या आठवणी निगडित असतात. त्यामुळे हा वाद निव्वळ तांत्रिक राहत नाही. दुरुस्तीवर खर्च करावा, की जुनी जोडी विकून नवी घ्यावी, हा निर्णय मात्र विचारपूर्वकच घ्यावा लागतो, कारण एकदा भंगारात गेलेली जोडी परत मिळत नाही.

स्वरांचा समतोल आणि स्पष्टता या दोन बाबतींत आजचे स्वस्त, पण नीट आखलेले स्पीकर बहुतेक जुन्या स्पीकरांना मागे टाकतात. खोल खर्ज आणि मोठा आवाज यांबाबत मात्र जुन्या, मोठ्या खोक्यांची बरोबरी त्यांना अजूनही साधत नाही. यांपैकी पहिली बाब ज्ञानाच्या वाढीमुळे शक्य झाली. दुसरी भौतिकशास्त्राच्या नियमांनी बांधलेली आहे.

स्पीकरचे खोके किती मोठे असावे, हे पूर्वी बरेचसे करून पाहूनच ठरत असे. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये 'अकूस्टिक रिसर्च' या कंपनीमार्फत हवाबंद खोक्याचा एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला. खोक्यात कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी वापरून लहान खोक्यातून खोल खर्ज मिळवण्याची ही युक्ती होती. खोके आणि वूफर यांचे गणित पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी ते १९७० च्या दशकात पूर्णत्वास नेले. आज हे गणित कोणत्याही साध्या संगणकावर काही क्षणांत सुटते.

खर्जाचा हिशेब असा सुटला, तरी कानाला नेमके काय आवडते, हा प्रश्न उरलाच होता. त्याचा पद्धतशीर शोध कॅनडातील राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी घेतला. पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांकडून गुण घेण्याच्या त्यांच्या प्रयोगांचे निष्कर्ष १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्पीकर दिसत नसेल, तर श्रोत्यांच्या आवडीनिवडीत आश्चर्यकारक एकवाक्यता आढळते, असे त्यांतून दिसून आले. समोरून मिळणारा आवाज सर्व स्वरांत सपाट आणि बाजूंना फेकला जाणारा आवाजही सुरळीत असेल, तर तो स्पीकर बहुतेकांना पसंत पडतो. खोलीत बसलेल्याच्या कानावर भिंतींवरून परतलेला आवाजही येत असल्याने बाजूंच्या आवाजालाही महत्त्व असते. स्पीकरभोवती आडव्या व उभ्या दिशेने दर दहा अंशांवर मोजणी करून एकूण ७० आलेख काढण्याची जी पद्धत या संशोधनातून विकसित झाली, तिला अमेरिकेत २०१३ मध्ये उद्योगमानकाचे रूप मिळाले.

हे ज्ञान स्वस्त स्पीकरांपर्यंत कसे झिरपले, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. जेबीएल कंपनीने २०१३ मध्ये 'एम-२' हा महागडा स्टुडिओ स्पीकर आणला. त्यातील ट्वीटरभोवतीच्या विशिष्ट आकाराच्या खोलगट मुखाची कल्पना तिने त्याच वर्षी सुमारे १५० डॉलरच्या 'एलएसआर-३०५' या पाच इंची स्पीकरातही वापरली. हा आकार संगणकावर एकदा निश्चित झाला, की तो प्लास्टिकच्या साच्यातून ओतण्यास फारसा खर्च येत नाही. दुसरे उदाहरण अँड्र्यू जोन्स यांचे. लाखो रुपयांचे स्पीकर आखणाऱ्या या अभियंत्याने पायोनिअरसाठी २०१२ मध्ये जोडीला सुमारे १३० डॉलर किमतीचा छोटा स्पीकर आखला आणि तो जाणकारांच्याही पसंतीस उतरला.

डोळ्यांचा हस्तक्षेप

तरीही जुना स्पीकरच गोड वाटतो, असे सांगणारे खोटे बोलत नसतात. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांवर केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. चार स्पीकर आधी पडद्याआडून व नंतर उघड्यावर ऐकवले गेले. त्यांतील एक संच छोटा, स्वस्त आणि दिसायला सामान्य होता. पडद्याआड त्याने इतरांशी चांगली टक्कर दिली. तो दिसू लागताच मात्र त्याचे गुण घसरले. भारदस्त लाकडी खोक्याला डोळे आधीच गुण देऊन टाकतात, ते असे.

शिवाय लोकप्रियता म्हणजे अचूकता नव्हे. यामाहाचा १९७८ मधील 'एनएस-१०' घरगुती स्पीकर म्हणून फारसा वाखाणला गेला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंत तो रूढ झाला. त्याचे तार स्वर इतके टोचत, की काही ध्वनिमुद्रक ट्वीटरवर टिश्यू पेपर लावत. यावर चांगले वाजले, तर कुठेही चांगले वाजेल, हा त्याच्या वापरामागील तर्क होता. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला 'एलएस ३/५ए' हा मात्र वेगळा. जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीच्या या पेटीतून मानवी आवाज आजही विलक्षण खरा वाटतो. तिच्यात खोल खर्ज नाही. १०० हर्ट्झच्या किंचित वर दिलेल्या हलक्या उठावामुळे खर्जाचा आभास तेवढा होतो. मध्यसप्तकात या पेटीला मागे टाकणे आजच्या स्वस्त स्पीकरांनाही सोपे नाही, आणि जुन्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

काळ कोणाला सोडत नाही

जुन्या स्पीकरची तुलना करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. आज समोर असलेला स्पीकर कारखान्यातून निघाला तसा राहिलेला नसतो. १९७० आणि १९८० च्या दशकांतील अनेक वूफरांच्या शंकूच्या कडेला पॉलियुरेथेन फोमची कडी असे. हा फोम पंधरा-वीस वर्षांत ठिसूळ होतो आणि मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत त्याचे आयुष्य आणखी कमी होते. बोटाने हलके दाबताच तो पिठासारखा गळू लागला, तर वूफर वाजवू नये. रबराची किंवा कापडाची कडी अधिक टिकते. स्वर विभागून वूफर आणि ट्वीटरकडे पाठवणाऱ्या क्रॉसओव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार आपले मूल्य सोडतात. ट्वीटरमधील चुंबकीय द्रव सुकतो. ट्वीटरची पातळी बदलण्याची मागील बटणे गंजतात; 'एआर-३' या १९५८ मधील नामांकित स्पीकरची ही ठरलेली व्याधी आहे. मंद झालेल्या तार स्वरांना 'जुना उबदार आवाज' म्हटले जाते, तेव्हा ते कित्येकदा थकलेल्या भागांचे लक्षण असते.

खर्जाचा हिशेब

मोठ्या वूफरची बाजू मात्र निर्विवाद आहे. तोच जोर राखून एक सप्तक खाली जायचे, तर वूफरला चौपट हवा हलवावी लागते. बारा इंची पडद्याचे क्षेत्रफळ पाच इंचीच्या पाच-सहा पट असते, म्हणजे लहान पडद्याला तेवढे पट अधिक मागे-पुढे जावे लागेल. तेवढी हालचाल त्याला झेपत नाही आणि आवाज फाटू लागतो. 'केएलएच' कंपनीचे एक संस्थापक हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो : खोल खर्ज, कमी शक्तीत मोठा आवाज आणि लहान खोके या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, दोन निवडाव्या लागतात. आजचे छोटे स्पीकर यांपैकी कमी शक्तीच्या अटीवर पाणी सोडतात. तीन डेसिबलच्या वाढीसाठी दुप्पट वॅट लागतात, पण वॅट आता पूर्वीइतके महाग नाहीत. तरीही मोठ्या खोलीत डग्ग्याची घुमक पूर्ण ताकदीने ऐकायची, तर मोठा वूफर किंवा वेगळा सबवूफर यांना पर्याय नाही. शहरातील लहान खोलीत, शेजाऱ्यांची भिंत लागून असताना, हा तोटा फारसा जाणवत नाही, हेही खरे.

काय ऐकायचे आहे, यावरही निवड अवलंबून आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील नाट्यसंगीत सपाट तार स्वरांच्या नव्या स्पीकरवर ऐकल्यास खरखर ठळकपणे पुढे येते. मवाळ जुन्या स्पीकरवर ती झाकली जाते. तानपुऱ्याची जवारी ऐकायची असेल, तर नवा स्पीकर उजवा.

घरच्या घरी तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज आधी मीटरने समान करून घ्यावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. दोन्ही एकाच जागी, एकाच ॲम्प्लिफायरवर ठेवाव्यात, मध्ये पडदा लावावा आणि बदलाबदल दुसऱ्याकडून करून घ्यावी.

दुरुस्तीचा मुद्दाही दुर्लक्षिता येत नाही. जुन्या स्पीकरमध्ये फोम, कपॅसिटर आणि तारा यांपलीकडे फारसे काही नसते व ते बदलता येते. ॲम्प्लिफायर आतच बसवलेल्या आजच्या स्पीकरचे सर्किट बिघडले आणि सुटा भाग मिळाला नाही, तर संपूर्ण स्पीकर निकामी होतो. बीबीसीच्या त्या छोट्या पेटीचे मूळ वूफर व ट्वीटर आखणारे अभियंते माल्कम जोन्स यांनी स्थापन केलेली 'फाल्कन अकूस्टिक्स' ही ब्रिटिश कंपनी ते भाग नव्याने घडवून २०१४ पासून हाच स्पीकर बीबीसीच्या परवान्याने विकत आहे. त्या नव्या जोडीची किंमत दोन हजार पौंडांहून अधिक आहे.