निंदणी

सर्व्हरची डिस्क अचानक भरते, तेव्हा दोष बहुधा साठ्याचा नसतो, नोंदीच्या हुकमाचा असतो. एखादा बिघाड शोधायला कोणीतरी ट्रेस चालू करतो, म्हणजे प्रोग्रामचं प्रत्येक पाऊल लिहून ठेवायला सांगतो. बिघाड सापडतो, माणूस पुढच्या कामाला लागतो, हुकूम मात्र तसाच राहतो. हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मला असं मला वाटत नाही. खानदेशच्या दप्तरांनी तो कधीच पाहिला आहे आणि त्यांचं उत्तर आजही कामाचं आहे.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज पहिला कलेक्टर झाला आणि धुळे जिल्ह्याचं ठाणं बनलं. पुढे मोजणी आली. प्रत्येक शेताला नंबर, प्रतवारी आणि साऱ्याचा आकार मिळू लागला. 1852 मध्ये सावदा-फैजपूर भागातले शेतकरी या मोजणीविरुद्ध उठले आणि त्यांना आवरायला फौज आणावी लागली. इतक्या बारीक नोंदीमागून वाढीव सारा येईल, हे भय त्यांना होतं. नोंद कोण मागतो आणि कशासाठी, हा प्रश्न तेव्हा उघड विचारला गेला, हे मला फार मोलाचं वाटतं. मोजणी पुढे चाललीच आणि कागद वाढत गेला. 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले, तेव्हा जळगाव आणि धुळे या दोन ठिकाणी दोन दप्तरं उभी राहिली. सरकारी कचेऱ्यांत या वाढीवर उपाय ठरला तो वर्गवारीचा: ‘अ’ कागद कायमचे, ‘ब’ 30 वर्षांचे, ‘क’ 10 वर्षांचे, ‘क-1’ 5 वर्षांचे आणि ‘ड’ एका वर्षात नष्ट करायचे. या कामाला कचेरीत निंदणीकरण म्हणतात. शब्द शेतातला आहे, आणि अचूक आहे: तण काढताना पीक कोणतं हे आधी ठाऊक असावं लागतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप धुळ्यातूनच येतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी जुन्या वाड्यांत कुजणारे कागद वाचवले नसते, तर ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड निघालेच नसते. पहिला खंड 1898 चा. 31 डिसेंबर 1926 ला ते धुळ्यात वारले आणि काही दिवसांतच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. कालची रद्दी आजचं साधन ठरते, मग फाडायचं कशाला? पण राजवाड्यांनी नुसता ढीग जपला नाही. निवड केली, क्रम लावला, प्रस्तावना लिहिल्या. शिवाय त्यांच्या हाती आलेलं पत्र एकदाच लिहिलेलं असे, तर ट्रेसमध्ये एकच ओळ लाखो वेळा येते. साठा आता स्वस्त आहे, हा दुसरा आक्षेप. तोही टिकत नाही. डिस्क भरली की डेटाबेसला खरी नोंद लिहायला जागा उरत नाही, म्हणजे ‘ड’ कागद ‘अ’ कागदाला बाहेर ढकलतो. आणि ट्रेसमध्ये लोकांचे पासवर्ड, नंबर उघडे पडून राहतात, ते वेगळंच.

म्हणून अशा वेळी आधी फाइल पुसायला धावू नये. प्रोग्रामने ती उघडी धरली असेल, तर लिनक्ससारख्या प्रणालीत नाव पुसल्यावरही जागा मोकळी होत नाही. ती प्रोग्राम फाइल सोडेल तेव्हाच मिळते. आधी ट्रेसचा हुकूम मागे घ्यावा, तो कोणत्या बिघाडासाठी दिला होता ते पाहावं, उपयोगाचा तुकडा बाजूला ठेवावा आणि मग निंदावं. पुन्हा ट्रेस चालू करताना त्याच दिवशी त्यावर वर्ग लिहावा: ‘ड’, आणि शेजारी बंद करायची तारीख.