फोरहँड फटका, टेनिसमधील

टेनिसमध्ये रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूस येणारा चेंडू तळहाताचा रोख पुढे ठेवून परतविण्याचा फटका. शरीराच्या विरुद्ध बाजूस, हाताची पाठ पुढे ठेवून मारलेल्या फटक्यास बॅकहँड म्हणतात. फोरहँड हा या खेळातील सर्वांत स्वाभाविक फटका मानला जातो. तथापि तो मारताना मनगटाने नेमके काय करावे, यासंबंधी जाणकारांत दीर्घकाळ मतभेद होत आले आहेत. मनगट ताठ ठेवावे, असे एका पिढीतील शिक्षकांनी सांगितले. ते सैल सोडावे, असे दुसऱ्या पिढीने सांगितले. या मतभेदाचा इतिहास हा चेंडूची उसळी, रॅकेटची घडण आणि मानवी बाहूविषयीचे ज्ञान या तिन्ही गोष्टींत झालेल्या बदलांचा इतिहास होय.

शारीरिक घडण : मनगट हे दोन ओळींत मांडलेल्या आठ लहान हाडांचे बनलेले असून ते पुढे-मागे आणि दोन्ही कडांकडे झुकू शकते. मात्र ते हलविणारे मुख्य स्नायू मनगटात नसून अग्रबाहूत असतात; त्यांच्या कंडरा तेवढ्या मनगटावरून हातात जातात. कुलपात किल्ली फिरविताना तळहात वर-खाली होतो, ती क्रियाही मनगटाची भासली, तरी अग्रबाहूतील दोन हाडांपैकी एक दुसऱ्याभोवती फिरल्याने घडते. दंड स्वतःच्या अक्षाभोवती फिरतो तो खांद्याच्या सांध्यात. या सर्व हालचालींचा परिणाम डोळ्यांना मात्र हाताच्या व रॅकेटच्या टोकाशीच दिसतो. त्यामुळे खांदा व अग्रबाहू यांनी केलेले बरेचसे काम मनगटाच्या नावे जमा होत आले.

प्रारंभ : टेनिसचा पूर्वज असलेला फ्रान्समधील ‘झ द पोम’ म्हणजे ‘तळहाताचा खेळ’ नावाप्रमाणेच आरंभी उघड्या हाताने खेळत. सोळाव्या शतकापर्यंत त्यात रॅकेट रूढ झाली. या दृष्टीने फोरहँडमधील रॅकेट हा विस्तारलेला तळहातच होय. वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८७४ मध्ये हिरवळीवरील टेनिसचे एकस्व मिळविले. १८७७ मध्ये विंबल्डन येथे पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली व ती स्पेन्सर गोरने जिंकली. हिरवळीवर चेंडू कमी उसळतो व घसरत पुढे जातो. तो खालून उचलावा लागत असल्याने त्या काळी चेंडूस खालच्या बाजूने छेद देणारे फटके प्रचारात होते. चेंडूस पुढच्या दिशेने गिरकी देऊन जोरदार फोरहँड मारण्याची पद्धती हर्बर्ट लॉफर्ड (१८५१–१९२५) या खेळाडूच्या नावाशी निगडित आहे.

गिरकीमुळे चेंडूचा मार्ग वाकतो, हे शास्त्रज्ञांना त्यापूर्वीच ज्ञात होते. तिरप्या रॅकेटने मारलेला चेंडू वक्र मार्गाने जातो, असा उल्लेख न्यूटनने १६७२ मध्ये प्रकाशाविषयीच्या विवेचनात केला होता. लॉर्ड रॅली या भौतिकीविज्ञाने टेनिसच्या चेंडूच्या अनियमित मार्गावर १८७७ मध्ये, म्हणजे पहिल्या विंबल्डन स्पर्धेच्या वर्षीच, निबंध लिहिला. पुढच्या दिशेने फिरणाऱ्या चेंडूवर हवेचा दाब खालच्यापेक्षा वरच्या बाजूस अधिक पडतो व चेंडू लवकर खाली येतो. म्हणून मध्यभागी ०·९१४ मी. उंचीच्या जाळ्यावरून पुरेशा उंचीने व वेगाने मारलेला चेंडूही २३·७७ मी. लांबीच्या क्रीडांगणातच पडू शकतो. या गिरकीस टॉपस्पिन म्हणतात. ती देण्यासाठी रॅकेट खालून वर न्यावी लागते आणि येथेच मनगटाचा प्रश्न उद्‌भवतो.

पकडी : जॉर्ज बेल्डम याने तत्कालीन प्रमुख खेळाडूंची खेळतानाची छायाचित्रे घेतली व ती १९०५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांमुळे हात, मनगट व रॅकेट यांची स्थिती प्रथमच बारकाईने पाहता येऊ लागली. पुढे रॅकेट धरण्याच्या तीन मुख्य पद्धती निश्चित झाल्या. हातोडा धरावा तशी रॅकेट वरून धरणे ही ‘काँटिनेंटल’. हस्तांदोलन करावे तसा तळहात मुठीच्या मागे ठेवणे ही ‘ईस्टर्न’. आणि जमिनीवर पडलेली रॅकेट सरळ उचलावी तसा तळहात मुठीच्या खाली नेणे ही ‘वेस्टर्न’ पकड होय. ही नावे भूगोलावरून आलेली आहेत. अमेरिकेच्या पूर्व भागात हिरवळीची क्रीडांगणे होती, तर पश्चिमेस कॅलिफोर्नियात सिमेंटची होती. सिमेंटवरून चेंडू खांद्यापर्यंत उसळतो. तेथे तळहात खाली असलेली पकड सोयीची ठरते. तोच चेंडू गुडघ्याच्या उंचीवर आल्यास त्या पकडीने मनगट अवघडते.

या दोन परंपरांचा सामना अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत वारंवार झाला. सॅन फ्रॅन्सिस्कोचा विल्यम जॉन्स्टन (१८९४–१९४६) वेस्टर्न पकडीच्या फोरहँडसाठी, तर फिलाडेल्फियाचा विल्यम टिल्डन (१८९३–१९५३) सर्वांगपूर्ण खेळासाठी प्रसिद्ध होता. १९१९ च्या अंतिम सामन्यात जॉन्स्टनने टिल्डनला हरविले. परंतु १९२० मध्ये आणि १९२२ ते १९२५ या सलग चार वर्षी अंतिम सामन्यात टिल्डनने त्याच्यावर मात केली. टिल्डनच्या विजयांची कारणे अनेक होती. तरी ईस्टर्न पकड व घट्ट मनगट यांची शिकवण त्यानंतर दृढ झाली. टिल्डनने आपल्या लेखनात फटक्याचे शरीरामागील, शरीरासमोरील व अनुगामी असे तीन भाग पाडून दाखविले होते. हात व रॅकेट एकसंध फिरवावी, हा त्या काळच्या शिकवणुकीचा गाभा होता.

ही शिकवण निराधार नव्हती. लाकडी रॅकेट जड व लहान तोंडाची असे. चेंडू तिच्या मध्यबिंदूपासून जरा दूर लागला की, ती हातात पिळवटे. चेंडूची दिशा केवळ एका अंशाने चुकली, तर क्रीडांगणाच्या लांबीइतक्या अंतरात तो सु. ४१ सेंमी. बाजूस जातो. अशा परिस्थितीत नवशिक्याने मनगट न हलविणेच श्रेयस्कर होते. श्रेष्ठ खेळाडूंची उदाहरणे मात्र या नियमात बसत नव्हती. इंग्लंडचा फ्रेड पेरी (१९०९–९५) हा १९२९ चा टेबल टेनिसमधील जागतिक विजेता होता. १९३४ ते १९३६ अशी तीन वर्षे त्याने विंबल्डन जिंकले, ते काँटिनेंटल पकडीने व चेंडू उसळत असतानाच मनगटाच्या झटक्याने मारलेल्या फोरहँडच्या बळावर. ऑस्ट्रेलियाचा डावखुरा रॉड लेव्हर (जन्म १९३८) याने १९६२ व १९६९ मध्ये चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. त्याचा डावा अग्रबाहू उजव्यापेक्षा डोळ्यांत भरण्याइतका जाड होता व लाकडी रॅकेटनेही तो विलक्षण टॉपस्पिन देई. शिक्षकांनी अशा खेळाडूंना अपवाद मानले व नियम कायम ठेवला.

स्थित्यंतर : १९७४ पर्यंत चार प्रमुख स्पर्धांपैकी तीन हिरवळीवर होत. अमेरिकेची स्पर्धा १९७५ मध्ये मातीच्या व १९७८ मध्ये कठीण पृष्ठभागाच्या क्रीडांगणावर गेली. ऑस्ट्रेलियातील स्पर्धाही १९८८ पासून कठीण पृष्ठभागावर होऊ लागली. त्यामुळे उंच उसळणारा चेंडू हा अपवाद न राहता नियम झाला. स्वीडनच्या ब्यर्न बॉर्गने (जन्म १९५६) वेस्टर्नकडे झुकणाऱ्या पकडीने व भरपूर टॉपस्पिनने फ्रेंच स्पर्धा सहा वेळा जिंकली. १९७६ ते १९८० अशी पाच वर्षे त्याने विंबल्डनही जिंकले, तेव्हा ही पकड हिरवळीवर निरुपयोगी असल्याचा समज मागे पडला. याच सुमारास रॅकेटही बदलली. हॉवर्ड हेडची सु. ७१० चौ. सेंमी. तोंडाची प्रिन्स रॅकेट १९७६ मध्ये बाजारात आली. लाकडी रॅकेटच्या तोंडाचे क्षेत्रफळ सु. ४२० ते ४५० चौ. सेंमी. असे. रुंद तोंडामुळे पिळवटणे कमी झाले आणि रॅकेट वेगाने वर नेतानाही चेंडू निसटण्याचे भय उरले नाही. ताठ मनगटाची शिकवण ज्या साधनासाठी होती, ते साधनच मागे पडले.

संशोधन : अमेरिकन प्रशिक्षक व्हिक ब्रॅडन (१९२९–२०१४) याने द्रुतगती चित्रीकरणाच्या साहाय्याने फटक्यांचा अभ्यास केला. आपण मनगट चेंडूवरून वळवितो, असे नामवंत खेळाडू सांगत. चित्रफितींत मात्र ते वळण चेंडू रॅकेटपासून सुटल्यानंतर दिसे. चेंडू तारांवर केवळ ४ ते ५ सहस्रांश सेकंद टिकतो, तर मनुष्यास स्पर्शाची जाणीव होऊन प्रतिक्रिया देण्यास सु. एक दशांश सेकंदाहून अधिक काळ लागतो. म्हणजे आघात होत असताना मनगट हेतुपुरस्सर वळविणे अशक्यच आहे. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील ब्रूस एलियट व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हात एकसंध फिरविणाऱ्या आणि त्याचे भाग क्रमाने फिरविणाऱ्या खेळाडूंची तुलना केली. दुसऱ्या पद्धतीत रॅकेटचा वेग अधिक आढळला.

या व नंतरच्या अभ्यासांतून पुढील चित्र स्पष्ट झाले. फटक्याची शक्ती पायांतून कटीकडे, कटीतून धडाकडे व तेथून खांद्याकडे जाते. धड पुढे वळू लागताच हात व रॅकेट जडत्वामुळे मागे राहतात आणि मनगट आपोआप मागे मुडपते. त्यानंतर दंड पुढे येऊन आतल्या बाजूस वळतो, अग्रबाहू फिरतो व मनगट सरळ होऊ लागते. परंतु आघाताच्या क्षणी ते बहुधा काहीसे मागे मुडपलेलेच असते. मनगट हे शक्तीचे उगमस्थान नसून ती पुढे पोहोचविणारा दुवा आहे. आघातापूर्वी ते सैल असावे लागते आणि आघाताच्या क्षणी स्थिर. दोन्ही मतांच्या शिक्षकांनी फटक्याचा एकेक क्षण बरोबर ओळखला होता; चूक झाली ती त्या क्षणाचा नियम संपूर्ण फटक्यास लावण्यात.

परिणाम : ब्राझीलच्या गुस्ताव्हो केर्टनने १९९७ मध्ये फ्रेंच स्पर्धा जिंकली, तेव्हापासून पॉलिएस्टरच्या तारांचा प्रसार झाला. या तारा आघातात बाजूस सरकतात व झटकन पूर्वस्थितीस येतात, त्यामुळे गिरकी वाढते. जॉन यांडेल याने केलेल्या चित्रीकरणावरून पीट सँप्रस व आंद्रे ॲगासी यांच्या फोरहँडची सरासरी गिरकी मिनिटाला सु. १,८०० ते १,९०० फेरे, तर स्पेनच्या राफाएल नादालची सु. ३,२०० फेरे असल्याचे आढळले.

या सामर्थ्याची किंमत मनगटास मोजावी लागते. ईस्टर्न पकडीत मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस, तर वेस्टर्नकडे झुकणाऱ्या पकडींत करंगळीकडील बाजूस दुखापती अधिक आढळतात. अर्जेंटिनाचा हुआन मार्टिन देल पोत्रो हा २००९ मध्ये प्रखर फोरहँडच्या बळावर अमेरिकन विजेता झाला. २०१० मध्ये त्याच्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया करावी लागली. ऑस्ट्रियाचा डॉमिनिक टीम हा २०२० चा अमेरिकन विजेता. २०२१ मध्ये त्याच्या उजव्या मनगटास झालेल्या इजेनंतर पूर्वीचा खेळ त्याला पुन्हा साधला नाही आणि २०२४ मध्ये त्याने निवृत्ती पत्करली.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रौढांचा चेंडू लहान मुलाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत उसळतो. तो परतविण्यासाठी मूल आपसूकच टोकाची वेस्टर्न पकड घेते व ती सवय जन्मभर टिकते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षे व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत मंद व कमी उसळणारे चेंडू वापरणे बंधनकारक केले, त्यामागे चेंडू मुलांच्या कमरेच्या उंचीवर यावा हा एक विचार आहे. मनगट कसे ठेवावे, हे मुलास तोंडी सांगण्यापेक्षा त्याच्या उंचीस साजेसा चेंडू त्याच्यापुढे टाकणे अधिक परिणामकारक ठरते.