मेकॉले, बंदूक आणि कलम शंभर

मेकॉलेचं नाव काढलं की आपल्याला इंग्रजी शिक्षण आठवतं, आणि पाठोपाठ दोन-चार शिव्या. पण भारतीय दंडविधानाचा पहिला मसुदाही त्याच्याच आयोगाचा, १८३७ सालचा. मला त्यातली स्वसंरक्षणाची टिप्पणी फार मजेशीर वाटते. इथले लोक दरोडेखोरांपुढे मुकाट्याने मान तुकवतात, तेव्हा या हक्कावर बंधनं घालत बसण्यापेक्षा लोकांत थोडी धमक येऊ द्यावी, असा तिचा सूर आहे. साहेब आपल्याला भित्रा म्हणतोय, पण बाजूही आपलीच घेतोय!

कायदा १८६० साली मंजूर झाला, त्याच्या आदल्याच वर्षी मेकॉले वारला. आणि १८७८ मध्ये लिटनच्या शस्त्रकायद्याने काय केलं? परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरवलं. युरोपियनांना मात्र त्यातून सूट! म्हणजे जिवावर बेतलं तर समोरच्याला मारायचा हक्क कागदावर शाबूत, हातातलं हत्यार तेवढं सरकारजमा. काँग्रेस पुढे वर्षानुवर्षं याविरुद्ध ठराव करत राहिली. असो.

बंदूक केव्हा चालवावी, हे दंडविधानात कुठेच लिहिलेलं नाही. तिथे काठी आणि बंदूक यांत फरकच नाही, फरक आहे तो भीतीत. आता प्राण जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटली, तर शंभराव्या कलमानुसार हल्लेखोराचा जीव घेता येतो. (बलात्कार, अपहरण वगैरेही त्या यादीत आहेत.) मात्र ही भीती असेल तोवरच हा हक्क. पोलिसांकडे जायला सवड असेल तर तो नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायलाही मुभा नाही.

पंजाबातल्या एका खटल्यात बापावर गंडाशाचा वार झाला आणि मुलाने गोळी झाडली. उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरलं होतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. अशा क्षणी माणसाने किती जोर लावला, हे सोनाराच्या काट्यावर तोलायचं नसतं, ही न्यायालयांची जुनी भूमिका. मला ती पटते. शांतपणे खुर्चीत बसून दुसऱ्याची घाबरगुंडी मोजणं सोपं असतं.

पण काटा अजिबात नको असंही नाही. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्यावर गोळी झाडली तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. तोच चोर भांडी घेऊन अंगणातून पळत सुटला, तर भांडी परत मिळवायला त्याच्यामागे धावा, झटापट करा, पण निव्वळ चोरीसाठी त्याच्या पाठीत गोळी घालता येत नाही. मधे अंतर असतं फक्त उंबऱ्याचं आणि दोन-चार सेकंदांचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, शंभरावं कलम आता अडतिसावं झालं. तो उंबरा मात्र आहे तिथेच आहे.