तीस बाय पन्नासची वंशावळ

कोटरा सुल्तानाबाद हे गाव आता मुख्यतः रजिस्ट्रीत राहतं. ‘ग्राम कोटरा सुल्तानाबाद, तहसील हुजूर, जिला भोपाल’ असं दस्तावर लिहिलेलं असतं. जागेवर जावं तर नेहरू नगर, वैशाली नगर, पोलीस लाईन आणि एकमेकांना खेटून उभी असलेली दुमजली घरं. शेताचे बांध पुसले गेले आणि त्या जागी प्लॉटच्या रेघा आल्या. भोपाळचा माणूस प्लॉट चौरस फुटात सांगत नाही, ‘तीस बाय पन्नास’ म्हणून मोकळा होतो.

या मापाचा नकाशाही साधारण ठरलेला. समोर पोर्च, त्याला लागून हॉल, हॉलच्या पाठीशी स्वयंपाकघर, एक बेडरूम अटॅच्ड, दुसरीला कॉमन बाथरूम, जिन्याखाली इन्व्हर्टर आणि उरलेल्या कोपऱ्यात देव. नकाशेवाला कॉम्प्युटरवर असे तीन नमुने काढून समोर ठेवतो. घरची मंडळी आठवडाभर भांडतात, किचन इकडचं तिकडे होतं, पण पात्रं तीच राहतात. आपण आपल्या मनासारखं घर बांधतोय असं प्रत्येकाला वाटतं. मला मात्र या नकाशात मालकापेक्षा इतरांचाच हात जास्त दिसतो: प्लेगचा, पगाराच्या श्रेणीचा, गॅसच्या सिलिंडरचा.

प्रथम चौकाचं बघू, कारण या नकाशात तो नाही.

भोजपूर इथून सुमारे 30 किलोमीटरवर. तिथल्या अपुऱ्या शिवमंदिराच्या आसपास खडकांवर त्याच मंदिराचे नकाशे कोरलेले आहेत. खांब, थर, तळाच्या रेघा. हे देऊळ ज्याच्या नावावर सांगतात त्या राजा भोजाच्याच नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा अकराव्या शतकातला वास्तुग्रंथ आहे. तो छापून आला 1924-25 मध्ये, बडोद्याच्या गायकवाडांच्या ग्रंथमालेत. त्यात घरांची वर्गवारी शालांवर केलेली आहे: एकशाल, द्विशाल, त्रिशाल, चतुःशाल. चारी बाजूंना शाला आणि मध्ये आभाळ ही चतुःशाल. पुण्यापासून नागपूरच्या महालापर्यंत आपण ज्याला चौसोपी वाडा म्हणत आलो, तो याच कुळातला. भोपाळच्या बेगमांचीही तऱ्हा वेगळी नव्हती. कुदसिया बेगमने 1820 मध्ये बांधलेला गौहर महाल अंगणांभोवतीच उभा आहे.

वाड्यात उजेड, वारा, पाऊस हे सगळं मधून येई. बाहेरची भिंत जवळजवळ आंधळी. घराचे डोळे आतल्या बाजूला. देवडी, चौक, ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मग मागचा चौक, न्हाणी, परसू. आलेला माणूस या ओळीत कुठपर्यंत यायचा हे त्याच्या जातीवर, नात्यावर आणि कामावर ठरे. कूळ देवडीत, व्याही सोप्यावर, माहेरवाशीण थेट माजघरात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सोवळ्याचा पहारा. बाळंतिणीची खोली सगळ्यांत अंधारी. वाड्याच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांनी त्या खोलीत एक दुपार काढून बघावी असं मला नेहमी वाटतं.

हा चौक मोडला प्लेगने. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात धुमाकूळ घातला. रोग पिसवा पसरवतात हे डॉक्टरांना अजून पटायचं होतं; दोष अंधार, ओल आणि कोंदट हवेवर गेला. घरांची कौलं काढून आत ऊन सोडलं गेलं, माणसाच्या राहण्याला अयोग्य अशा खुणा भिंतींवर रंगवल्या गेल्या. 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने एक भूमितीचा नियम आणला: खोलीला मिळणारा उजेड साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाने मोजायचा. कागदावर कोन काढला की सोपं आहे. इमारतीच्या उंचीच्या निम्मी जागा समोर मोकळी हवी. चाळीस फूट उंचीला वीस फूट. म्हणजे उजेड आता बाहेरून येणार. जुना चौक सरकारच्या दृष्टीने अंधारविहीर झाला.

साहेबाचा बंगला हे बाहेरून उजेड घेणाऱ्या घराचं दुसरं मूळ. छावणी असो की नागपूरचं सिव्हिल लाईन्स, घर मधोमध आणि चहूबाजूंनी कंपाउंड. पायी कचेरीत जाणारा कारकून रोज ते पाहत होता. पुढे नगरपालिकांच्या नियमांनी तीच प्रतिमा लहान करून प्रत्येक प्लॉटवर छापली: पुढे अमुक फूट सोडा, मागे तमुक, बाजूला इतके. मध्य प्रदेशात हे काम आधी 1984 च्या आणि आता 2012 च्या भूमी विकास नियमांनी केलं. वाड्याचं पोट मोकळं होतं. आताच्या घराच्या कडा मोकळ्या आहेत.

हिशेबच करू. तीस बाय पन्नासात समजा पुढे दहा फूट सोडले, मागे पाच आणि एका बाजूला पाच. घराला उरलं पंचवीस बाय पस्तीस, म्हणजे 875 चौरस फूट. मोकळी राहिली 625. एवढ्या जागेत वीस बाय वीसचा चौक बसून वर सव्वादोनशे फूट उरले असते. पण ही मोकळी जागा चिंध्यांची आहे. पाच फुटांच्या बोळात खाट टाकता येत नाही, पापड वाळत नाहीत, मूल धावत नाही. कोटऱ्यातल्या या बोळांत काय असतं? खिडकीला लोखंडी स्टँडवर टेकवलेला कूलर, त्याचं गळणारं पाणी, बोअरची मोटर, जुनी सिंटेक्सची टाकी, एक सायकल. भोपाळचा मे महिना कूलरशिवाय निघत नाही आणि कूलरला बाहेरची हवा लागते, त्यामुळे उजेडासाठी सोडलेल्या खिडकीचं तोंड सहा महिने कूलरनेच बुजलेलं. प्लेगच्या डॉक्टरांना हे दाखवायला हवं होतं.

आणि गंमत अशी की याच शहरात चौक परत आला, पण सरकारी खर्चाने. चार्ल्स कोरियांनी 1982 चं भारत भवन मोठ्या तलावाच्या उतारावर खाली उतरत जाणाऱ्या अंगणांनी रचलं, आणि 1996 ची विधानसभा मोठ्या वर्तुळात नऊ भागांची केली, मध्ये पुन्हा चौक. नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी सामान्यांसाठीही तसंच करून पाहिलं: सात-सात घरं एका लहानशा चौकाभोवती. तिथले बरेच मालक पुढे घरं पाडून प्लॉटच्या कडेपर्यंत बांधत गेले. मी त्यांना दोष देत नाही. चौक सामायिक असतो आणि कर्ज एकट्याच्या नावावर.

आता खोल्यांकडे वळू. दोन बेडरूम, एक हॉल हे गणित कुणी घातलं? भोपाळपुरतं उत्तर सरळ आहे: सरकारने. 1 नोव्हेंबर 1956 ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, नागपूरची राजधानी गेली आणि भोपाळची आली. नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींबरोबर इकडे आली, ग्वाल्हेर-इंदूरहूनही आली. शहर लहान, विधानसभा मिंटो हॉलमध्ये भरायची. माणसांना ठेवायचं कुठे? मग टी. टी. नगर, म्हणजे तात्या टोपे नगर, आणि आसपास क्वार्टरांच्या रांगा उठल्या. त्या इतक्या घाईने उठल्या की वस्त्यांना नावं द्यायलाही कुणाला सवड झाली नसावी. आजही इथे पत्ता सांगतात ‘1250’, ‘1100 क्वार्टर’, ‘45 बंगले’, ‘74 बंगले’. जयप्रकाश रुग्णालयाला अर्धं शहर बाराशेपन्नास म्हणूनच ओळखतं.

या क्वार्टरांना अक्षरं होती. एफ टाइप, जी टाइप, एच टाइप, आय टाइप. अक्षर जसं पुढे सरके तशी खोली आखडत जाई. बढती झाली की ट्रक बोलवायचा आणि एक अक्षर वर चढायचं. केंद्र सरकारची एलआयजी, म्हणजे कमी उत्पन्न गटाची, योजना 1954 ची; एमआयजी, म्हणजे मध्यम उत्पन्न गटाची, 1959 ची. 1972 च्या कायद्याने आलेल्या मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाने तीच नावं वसाहतींना लावली. ‘एमआयजी 14’ अशी पाटी फाटकावर लावून माणसं आपलं उत्पन्न पोस्टमनला सांगत राहिली, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

हे नवं आहे असं समजायचं कारण नाही. अवंतीच्या, म्हणजे याच माळव्याच्या, वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त घरांची मापं दिली आहेत. राजाचं उत्तम घर 108 हात रुंद, सेनापतीचं 64, सचिवाचं 60. वर्णांसाठी 32 हातांपासून चार-चार हात कमी करत खाली. प्रत्येक पायरीला पुन्हा उत्तम-मध्यम असे पोटभेद. सार्वजनिक बांधकाम खात्याने वराहमिहीर वाचला नसेल, पण टाइपांचा तक्ता तोच.

फरक पडला तो आत. क्वार्टरमध्ये आजोबांच्या खाटेला जागा धरलेलीच नव्हती. नवरा, बायको, दोन मुलं एवढं कुटुंब गृहीत धरून भिंती घातल्या होत्या. गावाकडून सासरे आले की हॉलमध्ये झोपत, आणि पहाटे पाचला त्यांनी रेडिओ लावला की सगळं घर उठे. पुढे त्याच क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलांनी निवृत्तीच्या पैशांत, कर्ज काढून कोटऱ्यात प्लॉट घेतले, तेव्हा नकाशेवाल्याला त्यांनी जे सांगितलं ते बहुतेक एच टाइपचंच मोठं रूप होतं. डोळ्यासमोर दुसरं काही नव्हतंच. ज्या टी. टी. नगरातून हा नकाशा आला तिथल्या क्वार्टरांचा मोठा भाग स्मार्ट सिटीच्या 342 एकरांत पाडला गेला आहे. नकाशा मात्र कोटऱ्यातल्या खासगी घरांत टिकून आहे.

खोल्यांमधल्या पॅसेजचा इतिहास वेगळा, आणि तो इंग्लंडातून येतो. रॉबिन एव्हान्स या अभ्यासकाने दाखवलं आहे की 1597 च्या सुमारास जॉन थॉर्पच्या चेल्सीतल्या एका घराच्या नकाशात असा मधला बोळ दिसतो. त्याआधी खोलीतून खोलीत जायचं, आपल्या वाड्यासारखंच. पॅसेज आला तो मालकाला नोकर दिसू नये म्हणून. कोटऱ्यातले लोक पॅसेजला ‘वाया जागा’ म्हणतात आणि तो तीन फुटांवर आणून ठेवतात, पण काढत नाहीत. लग्न झालेल्या मुलाच्या खोलीचं दार हॉलमध्ये उघडू नये, एवढ्याचसाठी तो असतो.

संडास घरात यायलाही बराच काळ गेला. 1920 च्या दशकातल्या मुंबईच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांची खोली आणि संडास सामायिक. दादर-माटुंग्याच्या नव्या ब्लॉकांत तो घरात आला, पण अगदी मागच्या टोकाला, आणि सफाई करणाऱ्याला पुढच्या दाराने यावं लागू नये म्हणून कितीतरी इमारतींना मागून गोल लोखंडी जिना. फ्लशने तो माणूस नको केला आणि संडास सरकत सरकत थेट बेडरूमला चिकटला. आज ‘अटॅच्ड’ नसेल तर मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा नाक मुरडतात. त्यांच्या आजीने तिथे पाणीही घेतलं नसतं.

स्वयंपाकघर मात्र इंधनाने हलवलं. चूल होती तोवर धूर होता, म्हणून ते मागच्या कोपऱ्यात. चूल जमिनीवर, म्हणून बाई जमिनीवर. 1926 मध्ये मार्गारेटे श्यूट्टे-लिहोत्स्कीने फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी 1.9 बाय 3.4 मीटरचं स्वयंपाकघर आखलं, उभ्याने हात पोचेल तिथे सगळं. आपल्याकडे कडाप्प्याचा ओटा त्याच जातीचा, पण तो खरा रुळला गॅस आल्यावर. इंडेनचं पहिलं सिलिंडर 1965 चं. राष्ट्रीय इमारत संहितेने जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघराला किमान 5 चौरस मीटर ठरवून दिले. त्यात ओटा, सिंक, फ्रिज बसतो. पाट मांडून चार बायका पुरणपोळ्या लाटू शकत नाहीत. सणाला पोळपाट आजही हॉलमध्येच येतो. आता ओपन किचनची हौस आली आहे. लसणाची फोडणी सोफ्यावर बसते तेव्हा वर्षभरात सरकतं काचेचं दार लागतं.

वास्तूचा जोर त्यानंतर वाढला. आग्नेयेला ओटा, ईशान्येला देव, नैर्ऋत्येला मालक. जुन्या क्वार्टरमध्ये देव स्वयंपाकघराच्या फळीवर सुखाने राहत होते, सरकारने दिशा विचारली नव्हती. स्वतःच्या प्लॉटवर मात्र आधी वास्तुवाला, मग नकाशेवाला. पण प्लॉटचं तोंड रस्त्याने ठरवलेलं, रस्ता कॉलनीवाल्याने आखलेला. त्यामुळे पश्चिममुखी प्लॉट स्वस्त जातो आणि पोथीतली दिशा भावात उतरते.

शेवटी जिना. कोटऱ्यात नकाशेवाला सगळं झाल्यावर विचारतो, ‘सीढ़ी अंदर से या बाहर से?’ ड्युप्लेक्स हवं तर आतून. हॉलमधून रेलिंग वळत गेलेलं छान दिसतं. बाहेरून घेतला तर वरचा मजला भाड्याने देता येतो, दोन खोल्या कोचिंगच्या मुलांना. किंवा उद्या धाकटा वेगळा झाला तर त्याला दार वेगळं. पुण्याच्या वाड्यांतही भाडेकरू असेच माडीवर चढले होते, आणि 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर ते उतरलेच नाहीत. वडील बहुधा आतून म्हणतात, आई बाहेरून. आईने सुना-जावांचे हिशेब जवळून पाहिलेले असतात. बरीच घरं मग दोन्ही करतात: जिना पोर्चमधून बाहेरच्या बाजूने, आणि हॉलच्या भिंतीत त्याच्या पहिल्या टप्प्यावर उघडणारं एक दार, जे कधी कपाट लावून बंद करता येईल.