घर ठाऊक असलेली बाई

आजी सुईण होती. चाकणजवळची आमची वाडी तेव्हा कांदा-बाजरीची. रात्री कुणी कंदील घेऊन दारात उभं राहिलं, की चुलीतला विस्तव राखेखाली दडपून ती निघायची. परतल्यावर बाळाबद्दल थोडं सांगायची, घराबद्दल जास्त. कुठली सासू बाळंतिणीला तूप देत नाही, कुणाचं पहिलं मूल कसं गेलं. मोबदला म्हणजे खण, नारळ, पायलीभर बाजरी. मुलगी झाली, तर नुसता नारळ.

तिच्या दंडावर देवी काढल्याची खूण होती. टोचणारा आला की बायका पोरांना घेऊन पिकात लपायच्या. मग तो आजीचं दार ठोठावायचा, कारण कुठल्या घरात किती पोरं हे तिलाच ठाऊक. 1975 नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. त्या कामात ज्यांची नावं कुठल्याच कागदावर चढली नाहीत, त्यांत आमची आजी.

एक बाळंतीण मात्र ती मरेपर्यंत विसरली नाही. तापाने फणफणून चौथ्या दिवशी गेलेली. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये उभी राहिली होती, पेनिसिलिन बनत होतं, आमच्यापासून दहा-बारा मैलांवर! तेवढं अंतर त्या बाईसाठी कुणी चाललं नाही.

2 ऑक्टोबर 1977 पासून सरकारने हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यरक्षक नेमायला घेतला, महिना 50 रुपये. बहुतेक पुरुषच निवडले गेले. आमचे चुलते त्यातले. आजीने त्यांना विचारलं होतं, "औषधाची पेटी मिळाली रं, पन बाळंतिणीच्या खोलीत जाशील कसा?" जामखेडला 1970 मध्ये काम सुरू केलेले डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे गावातल्याच बायांना हे काम शिकवत होते. देशभर बाईच हवी हे ठरायला 2005 उजाडलं. आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, आली.

आमची वहिनी आशा आहे. कांद्याच्या वावरात आता पत्र्याच्या खोल्या आहेत. कारखान्यांत कामाला आलेले बिहारचे, ओडिशाचे, लातूर-बीडचे लोक तिथे राहतात. बाळ जन्मलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. नवरा रात्रपाळी करून झोपलेला, म्हणून दारातच काटा लावून बाळाचं वजन. एखाद्या दिवशी दाराला कुलूप असतं. ठेकेदाराने माणसं दुसरीकडे हलवलेली असतात. मग ती शेजारणीकडून फोन नंबर मिळवते. आजीला घरं पिढ्यान्‌पिढ्यांची ठाऊक होती, हिला सहा महिन्यांत बदलणारी घरं ठाऊक ठेवावी लागतात. हे काम जास्त अवघड आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि काही पैसे अजूनही कामागणिक. सात महिने जपलेली पोर बाळंतपणाला माहेरी गेली, की वहिनीचा त्या बाळंतपणाचा मोबदला हुकतो. 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतल्या बायांना कामगार मानून किमान वेतन द्यावं, अशी शिफारस केली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. कागदावर त्या आजही स्वयंसेविकाच. हा अन्याय आहे.

भोसरी-चाकण पट्ट्यात ज्यांच्या खोल्या भाड्याने आहेत, त्यांना एक विनंती. नव्या भाडेकरूकडून अनामत घेता, त्याच दिवशी आशाताईला फोन करा. खोलीत गरोदर बाई आहे, तान्हं मूल आहे, एवढंच सांगा.